चुकायची तालीम

कारखान्यात तिला सगळेच वहिनी म्हणायचे. खरं तर त्या अख्ख्या लाइनमध्ये ती एकटीचीच वहिनी, शेजारच्या मशीनवर बसणाऱ्या धाकट्या नणंदेची, धाकटीची. पण धाकटीचा आवाज असा खणखणीत, की एक दिवस तिनं "वहिनी, कात्री दे गं" म्हणून हाक मारली ती शिलाईखात्याच्या पार त्या टोकाला पोचली. दुसऱ्या दिवसापासून बटणवालीपासून इस्त्रीवाल्यापर्यंत, अहो, वयानं मोठ्या असलेल्या सुपरवायझर मॅडमपर्यंत, जो तो वहिनी म्हणू लागला. इतक्या जणांची वहिनी व्हायचं म्हणजे काही गंमत नाही. कोणाचं डोकं दुखलं, कोणाचं नवऱ्याशी बिनसलं, की गाऱ्हाणं वहिनीकडे. ती ऐकून घ्यायची. ऐकताना हात चालूच.

आणि हात काय चालायचे! शर्टाची कॉलर आधी उलटी शिवतात, मग सुलटी करतात, आणि आतून एक बोथट लाकडी काडी घालून तिची दोन्ही टोकं बाहेर काढतात. सांगायला सोपं आहे. कापड मात्र भारी नाठाळ. ते ताणलं जातं, सरकतं, दमट हवेत एक वागतं आणि कोरड्या हवेत दुसरंच, आणि मग एक टोक चोचीसारखं येतं नि दुसरं बोथट. लाइनवर शिवलेली प्रत्येक कॉलर शेवटी वहिनीच्या पुढ्यात यायची. ती तिच्यावरून अंगठा फिरवायची. दोष कुठं आहे ते तिच्या डोळ्यांआधी अंगठ्याला कळायचं. मग कॉलर टेबलावर ठेवून दोन बोटांनी हलकेच थोपटायची, थप थप, एक-दोन टाके उसवायची, कापडाची समजूत घालायची, आणि टोक असं काढायची की बघत राहावं. ते थोपटणं कशासाठी, हे मात्र विचारू नका. तिलाही ठाऊक नव्हतं.

धाकटीला हे काम तिनंच शिकवलं होतं. काम कशाला, बोलायला, चालायला, वेणी घालायलाही तिनंच शिकवलं. वहिनी लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा धाकटी बोट धरून चालायच्या वयाची होती आणि तिची आई नव्हती. नवी नवरी दारातून आत आली, तर ही पोर तिला बिलगली ती बिलगलीच. वहिनीला स्वतःचं मूल झालं नाही. पण त्याचं दुःख करत बसायला धाकटीनं वेळच ठेवला नाही.

पुढे धाकटीचं लग्न झालं आणि ते फिसकटलं. नवरा हात उगारणारा निघाला. ती एक बॅग घेऊन परत आली, भावाच्या घरात बैठकीच्या खोलीत सोफ्यावर झोपू लागली, आणि सहा महिने तिचा तो खणखणीत आवाज कोणी ऐकला नाही. वहिनीनंच तिला कारखान्यात आणली, शेजारी बसवली. हळूहळू पोरीच्या जिवात जीव आला. आणि या वर्षी तिनं स्वतःची खोली भाड्यानं घेतली. एक खिडकी, एक ओटा, दार लावलं की आत फक्त ती. खोलीची किल्ली ती दोऱ्यात ओवून गळ्यात घालायची. दादा म्हणाला, "अगं, पर्समध्ये ठेव की." तर म्हणते कशी, "राहू दे. मध्येच हात लावून बघावंसं वाटतं." खिडकीला तिनं पिवळा पडदा शिवला होता. वहिनीनं त्या पडद्याची शिवण उलटून तपासली आणि काही बोलली नाही, म्हणजे शिवण पास.

हे सगळं एवढं लांबण लावून सांगायचं कारण म्हणजे, पुढे जे झालं ते त्या खोलीवर येऊन पडलं.

एके सकाळी कारखान्यात मशीनच्या कंपनीचा एक चष्मा लावलेला माणूस आला, आणि लाइननं लगेच त्याचं नाव चष्मेवाला ठेवलं. कोवळा पोरगा, बोलायला गोड, वाकून वाकून बोलणारा. त्याच्याबरोबर पेट्या होत्या. पेट्यांतून निघाले डोक्याला बांधायचे पट्टे, त्यांवर कपाळाशी बसणारा एक एक छोटा कॅमेरा, आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे पातळ तारांचे हातमोजे. मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, की हे आठवडाभर घालून नेहमीसारखं काम करायचं. तुमच्या हाताकडे बघून मशीन शिकणार. कोणाच्या नोकरीला धक्का नाही, उलट तुमचंच काम हलकं होईल.

"हलकं म्हणजे किती हलकं, साहेब?" धाकटीनं विचारलं. "घरी बसण्याइतकं?"

लाइन खो खो हसली. साहेबही हसले. पण साहेब उत्तर न देता हसले, हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

जेवणाच्या खोलीत त्या दिवशी डबे उघडले आणि तसेच राहिले. भिंतीवरच्या टीव्हीवर नेमका हाच विषय. चार माणसं एका टेबलाभोवती बसून एकमेकांवर ओरडत होती. मंत्री म्हणत होते, मशीन आली की नवी कामं तयार होतात, इतिहास बघा. विरोधातले म्हणत होते, इतिहास नको, बेकार झालेली माणसं बघा. एक अर्थशास्त्रवाले प्राध्यापक तक्ता दाखवायची परवानगी मागत होते आणि त्यांना कोणी ती देत नव्हतं.

"नवी कामं येणार म्हणतोय," बटणवाली म्हणाली. "कोणाला येणार ते विचारा की त्याला. मला या वयात कोण कॉम्प्युटर शिकवणार? माझा मुलगा मला टीव्हीचा रिमोट शिकवताना दात-ओठ खातो."

इस्त्रीवाला म्हणाला, "आपण नाही म्हटलं तर पलीकडचा कारखाना हो म्हणेल. त्याचे शर्ट स्वस्त पडतील. मग हाच बंद. तेव्हा कोणाला धरून ओरडशील?"

"मग काय, आपल्याच हातानं आपला गळा दाबायचा?"

"मी कुठं म्हणतोय दाबा? मी एवढंच म्हणतोय की दाबला जाणार."

गंमत बघा, त्या खोलीतला प्रत्येक जण बरोबर बोलत होता, आणि कोणाच्याही बोलण्यानं काही होण्यासारखं नव्हतं. संपाचा विषय निघाला. युनियनचे पुढारी म्हणून जे एक गृहस्थ होते त्यांनी चहा ढवळत सांगितलं, की कॅमेरा घालायला नकार दिला तर ते बेशिस्तीत बसतं, कागदावर आपली बाजू लंगडी आहे. तेवढं सांगून ते चहा पीत बसले.

तेव्हा धाकटी उठली. गळ्यातली किल्ली मुठीत धरली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "नकार कशाला द्यायचा? घालू की कॅमेरे. मशीन आपल्याकडे बघून शिकणार ना? मग शिकवू. सगळ्यांनी चुकायचं. वाकडं शिवायचं, टाके सोडायचे, कापड सरकू द्यायचं. आठवडाभर इतकं भिकार काम दाखवू, की ती मशीन आयुष्यात शर्ट शिवायचं नाव काढणार नाही."

मग बटणवालीनं टेबलावर थाप मारली. "शाब्बास गं पोरी!" आणि जेवणाच्या खोलीत कधी नव्हे असा उत्साह संचारला. कितीतरी दिवसांनी त्यांच्या हातात काहीतरी होतं. वहिनीनंही मान हलवली. तिला धाकटीचा असा अभिमान वाटला, की आपल्या डब्यातली पोळी तिनं तिच्या डब्यात टाकली.

पण चुकणं म्हणजे खायचं काम आहे का? दहा-दहा, वीस-वीस वर्षं ज्या हातांनी सरळ टाका घातला त्यांना वाकडं जा म्हटलं तर ते थोडेच जातात. म्हणून मग ठरलं, घरी तालीम करायची.

त्या संध्याकाळी धाकटी वहिनीकडे आली. स्वयंपाकघरातलं टेबल पुसलं, घरची जुनी शिलाई मशीन त्यावर चढवली, कापडाचे तुकडे पुढ्यात टाकले आणि हात कमरेवर ठेवून उभी राहिली, अगदी मास्तरीणबाई. एके काळी याच टेबलावर वहिनीनं तिला सरळ शिवायला शिकवलं होतं. आता ती वहिनीला वाकडं शिकवणार होती.

"हं, घाल टाका. नाही, नाही, असा नाही. हा सरळच आला की गं!"

"अगं, मी वाकडाच घातला होता."

"याला वाकडा म्हणतात? माझ्या सासरी याला बक्षीस दिलं असतं. पुन्हा घाल."

नवरा दारात उभा राहून बघत होता. ट्रक चालवून चालवून त्याचं बोलणं कमी झालेलं, पण जे बोलेल ते नेमकं. "मला सांगायचं होतंस," तो म्हणाला. "मी शिवतो. जन्मात सरळ येणार नाही."

तिघंही हसली. वहिनीनं दहा-बारा कॉलरी बिघडवल्या. शेवटच्या दोन तर खरोखरच ओंगळ झाल्या. एक टोक वर, एक खाली. धाकटीनं टाळ्या वाजवल्या. मग वहिनीनं त्यातली एक कॉलर उचलली, टेबलावर ठेवली आणि दोन बोटं टेकवली. थप थप.

"ए वहिनी! काय करतेयस?"

वहिनी दचकली. "काही नाही गं."

"कॉलरला झोपवतेस का?" धाकटी हसत तिच्या खांद्यावर रेलली. "मला अशीच थोपटायचीस. आठवतंय? दोनदा थोपटायचीस आणि थांबायचीस. मी मुद्दाम जागी राहायचे, पुढची थाप येईपर्यंत."

वहिनीला आठवत नव्हतं. म्हणजे धाकटीला झोपवलेलं आठवत होतं, थोपटणं दोनदा होतं की तीनदा, हे नव्हतं आठवत. हातांच्या गोष्टी हातांनाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी कपाळाला पट्टे बांधून सगळी लाइन कामाला बसली. लांबून बघणाऱ्याला वाटावं, डोकं दुखणाऱ्यांचं संमेलन भरलंय. चष्मेवाला लॅपटॉप घेऊन मागे बसला. मशिनी घरघरल्या आणि चुका सुरू झाल्या.

काय एक एक चुका! कोणी कापडाला चुणी पाडली. कोणी आतला कडक थरच तिरका लावला. बटणवालीच्या धाकट्या जावेनं तर अख्खी कॉलर उलटसुलट जोडून दिली. आणि या सगळ्या चुका लाइनवरून घरंगळत शेवटी येऊन पडल्या वहिनीच्या पुढ्यात. तिचं काम एवढंच होतं, की त्या वाकड्या तशाच पुढे सोडायच्या.

पहिली सोडली. दुसरी सोडली. तिसरी कॉलर हातात आली, तिच्यावर अंगठा फिरला, आणि मग धाकटीनं टेबलाखालून सणसणीत लाथ मारली तेव्हा वहिनी भानावर आली. कॉलर तिच्या हातात होती. टोकं अशी, की बघत राहावं.

"वहिनी!" धाकटी दातांतल्या दातांत म्हणाली.

"चुकून झालं गं. पुढची सोडते."

पुढची नाही सुटली. तिनं नाना उपाय केले. मन दुसरीकडे लावून पाहिलं, घरी काय रांधायचं याचा विचार केला, तर हात आणखीच सुसाट. म्हणून मग हातांवर पहारा ठेवला, एक एक बोट डोळ्यांत तेल घालून बघितलं, तर हात थरथरले आणि थरथरत थरथरत नीटच केलं. शेवटी ती हात मांडीखाली घेऊन बसली. झालं! पुढ्यात कॉलरींचा ढीग लागला आणि सुपरवायझर मॅडम ओरडत आल्या, "वहिनी, बरं वाटत नाही का?" हात बाहेर काढावे लागले. आणि समोर वाकडं कापड पडलेलं असताना ते हात काय स्वस्थ बसणार? तिला त्या हातांचा इतका राग आला, की वाटलं, इस्त्रीखाली धरावेत.

जेवणाच्या सुट्टीत धाकटीनं तिला कोपऱ्यात गाठलं. "तू कोणाच्या बाजूनं आहेस?"

"तुझ्याच गं. हे काय विचारणं झालं?"

"मग सोडत का नाहीस?"

"हात ऐकत नाहीत," वहिनी म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "वाकडं तसंच सोडवत नाही मला. तुझी शपथ, मुद्दाम नाही करत."

मग धाकटीचाच राग विरघळला. बटणवाली मध्ये पडली, "जाऊ दे गं. ती एकटी नीट करून करून किती करेल? आपण एवढी वाट लावू, की हिचं काही चालणारच नाही." ते सगळ्यांना पटलं. त्या दिवसापासून चुकांना ऊत आला. त्यांच्यात चढाओढच लागली म्हणा ना. कोणी सुचलीही नसेल अशी चूक करून दाखवायची, आणि सुट्टीत तिचं वर्णन करून हशा पिकवायचा. आणि वहिनी? ती वाकलेली, कपाळावर तो कॅमेरा, अंगठा फिरवतेय, थोपटतेय, उसवतेय, सावरतेय. आलेली एकही कॉलर तिच्या हातून वाकडी गेली नाही.

एकदा चष्मेवाला तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. "वहिनी, एक विचारू? हे दोनदा थोपटता, ते कशासाठी? त्यानं कापड बसतं का?"

ती लाजली. "नाही हो. उगीच सवय. ते तुमच्या त्याच्यातून काढून टाका."

"आम्ही काही काढत नाही," तो हसून म्हणाला. "कामाचं काय आणि बिनकामाचं काय, ते मशीनला आधी कुठं कळतं? ती सगळंच उचलते."

आठवडा संपला. चष्मेवाल्यानं पट्टे गोळा केले, गंभीर चेहऱ्यानं लॅपटॉप मिटला आणि पेट्या घेऊन निघून गेला. त्याचा तो चेहरा बघून लाइनवर आनंदी आनंद. जेवणाच्या खोलीत बटणवालीनं डोक्याला रुमाल बांधून मशीनची नक्कल केली, शर्टाला बाही लावायची तिथं पाय लावून दाखवला. लोक पोट धरून हसले. धाकटीनं त्या महिन्यात खोलीसाठी एक आरसा घेतला. वहिनीच्या मनातली टोचणी हळूहळू कमी झाली. तिला वाटलं, एवढ्या चुकांत आपलं नीट काम कोणाच्या लक्षातही आलं नसेल.

पाऊस येऊन गेला, हवा कोरडी झाली, आणि एक दिवस मालाच्या दारातून काचेचं एक कपाट आत आलं. मागोमाग चष्मेवाला. आता मात्र चेहरा फुललेला. कपाटात दोन लांब हात होते, पांढरे, त्यांना रबरी बोटं. लाइन थांबवून सगळ्यांना भोवती उभं केलं. धाकटी वहिनीला चिकटून उभी होती.

"आधी तुमचे आभार मानतो," चष्मेवाला म्हणाला, आणि तो मनापासून म्हणत होता, हीच तर रड. "नीट शिवलेली कॉलर कशी असते, ते आमच्याकडे होतंच. तसे नमुने ढिगानं मिळतात. आमचं घोडं अडलं होतं ते वेगळ्याच ठिकाणी. कापड बिघडलं की मशीन थांबायची. बिघडलेलं कसं सावरायचं, ते कुठंच बघायला मिळत नव्हतं, कारण चांगल्या कारागिरांच्या हातून फारसं बिघडतच नाही. दोन वर्षं हात टेकले होते आम्ही. आणि तुमच्या लाइननं एका आठवड्यात इतक्या तऱ्हेच्या चुका करून दाखवल्या, इतक्या, की आम्हाला विचार करूनही सुचल्या नसत्या. आणि प्रत्येक चुकीपुढे तिचा उतारा." त्यानं वहिनीकडे बघून मान लववली. "वहिनींसारखे हात मी पाहिले नाहीत."

कोणी टाळी वाजवली नाही. बटणवालीनं तोंडावर हात धरला. कोणाकोणाला आपापली चूक आठवली असेल, कोणती कोणत्या दिवशी केली, त्यावर कोण किती हसलं.

वहिनीला वाटलं, सगळे आपल्याकडे बघतायत. कोणीच बघत नव्हतं. सगळे खाली बघत होते.

चष्मेवाल्यानं एक वाकडी कॉलर काचेमागं ठेवली. पांढरा हात खाली आला. रबरी अंगठा कापडावरून फिरला, एका जागी अडला. मग हातानं कॉलर टेबलावर ठेवली, दोन बोटं जुळवली, आणि थोपटलं. थप थप. क्षणभर थांबला. आणि मग टाके उसवायला लागला.

आपलाच हात कापून काचेत ठेवावा तसं वहिनीला झालं. शेजारी धाकटीनं गळ्यातली किल्ली मुठीत धरली होती आणि काचेकडे बघत होती. डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हता. लहान मुलाचं खेळणं कोणी त्याच्यादेखत दुसऱ्याला देऊन टाकावं, आणि देणारं आपलंच माणूस असावं, तसं ते बघणं होतं.

पुढचं सगळं रीतसर झालं. साहेबांनी एकेकाला आत बोलावलं, सगळ्यांशी नीट बोलले, आणि सगळ्यांना काढलं. वहिनीला मात्र म्हणाले, "तुम्ही राहा. मशीनला अजून काही कापडं जमत नाहीत. ती जमेपर्यंत शेजारी बसायचं. अडली तर दाखवायचं, नाही तर हात लावायचा नाही."

"मला नको," वहिनी म्हणाली. घरी येऊनही तेच म्हणाली. ट्रकचंही काही खरं नव्हतं, चालकाशिवाय चालणाऱ्या गाड्यांच्या बातम्या नवराही बघत होता. धाकटी पाणी पीत होती. तिनं ग्लास खाली ठेवला.

"वेडी आहेस का? जा. घरात एक तरी पगार नको?"

"तू काढली गेलीस आणि मी तिथं बसू?"

"तू नाही बसलीस म्हणून मला परत घेणारेत का?"

वहिनी कामावर जाऊ लागली. सगळ्या खुर्च्या उचललेल्या, लाइनच्या जागी नुसते खुर्च्यांच्या पायांचे डाग, आणि काचेशेजारी ती एकटी, हात मांडीवर ठेवून. आता तिला वहिनी म्हणणारं तिथं कोणी उरलं नव्हतं. चष्मेवाला म्हणायचा, तोही दुसऱ्या कारखान्यात गेला. कोणत्या कामाला, ते सांगायला नको.

धाकटीनं दारोदार काम विचारलं. सगळीकडे त्याच कपाटाच्या गोष्टी. दोन महिने तिनं खोली कशीबशी धरून ठेवली, आणि एका रविवारी दुपारी दादाच्या ट्रकमधून सामान परत आलं. सामान ते काय, बॅग, आरसा, घडी घातलेला पिवळा पडदा. गळ्यात नुसता दोरा होता. तो काढायचं तिच्या लक्षात राहिलं नसावं.

"जेवतेस?" वहिनीनं विचारलं.

"नको. पडते जरा."

ती सोफ्यावर आडवी झाली. भिंतीकडे तोंड केलं, गुडघे पोटाशी घेतले. पाठ हलत होती. आवाज न करता रडायचं तिनं सासरी शिकून घेतलं होतं, तेवढं मात्र वहिनीनं शिकवलेलं नव्हतं.

वहिनी सोफ्याच्या कडेला टेकली. माफ कर म्हणावं, तर कशाबद्दल म्हणावं? नीट काम केलं त्याबद्दल? आणि मग न सांगता, न विचारता तिचा हात उठला आणि धाकटीच्या दंडावर टेकला. थप थप.

धाकटीचं अंग ताठ झालं.

"थोपटू नकोस गं, वहिनी," ती भिंतीकडेच बघत म्हणाली. आवाज अगदी हलका, त्यात भांडण नव्हतं. "आता त्यानं कारखाना आठवतो."

वहिनीनं हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. दुसऱ्या हातानं तो दाबून धरला, कारण तो पुन्हा उठू बघत होता.